देशी वनस्पतींची बीजपेढी : जतन आणि वाटप

१. जतनाचा हेतू

रानोमाळ आपोआप वाढणाऱ्या देशी वनस्पतींच्या बिया गोळा करून, वाळवून आणि गोठवून दीर्घकाळ जिवंत ठेवणारी संस्था म्हणजे संवर्धनाची बीजपेढी. पिकांच्या जनुकपेढ्यांचे तंत्रही जवळजवळ असेच असते, पण दोन्हींच्या गरजा वेगळ्या आहेत. पिकाच्या वाणाला पेरणारा शेतकरी असतो, बाजार असतो, हंगाम असतो. माळावरच्या गवताला किंवा कड्याच्या खाचेतल्या फुलझाडाला असे कोणी नसते. अधिवास गेला की ती वनस्पतीही जाते. तिचे बी पेढीत असेल तर परतीची एक वाट शिल्लक राहते, मात्र ते बी कधीतरी पेढीबाहेर पडून मातीत रुजले तरच.

म्हणून बीजपेढीत साठवण आणि वाटप ही दोन वेगळी खाती मानता येत नाहीत. बी कोणत्या झाडांचे, किती आणि केव्हा घ्यायचे, नोंदी कोणत्या ठेवायच्या, हे सारे पुढे ते कोणाला आणि कशासाठी द्यायचे यावर ठरते. जागतिक वनस्पतिसंवर्धन धोरणाने हा संबंध स्पष्टपणे मांडला आहे. जैविक विविधता करारांतर्गत हे धोरण २००२ मध्ये स्वीकारले गेले. त्याच्या २०१० च्या सुधारित आवृत्तीतील आठव्या उद्दिष्टात धोक्यातल्या किमान ७५ टक्के वनस्पती अधिवासाबाहेरच्या संग्रहांत, शक्यतो मूळ देशातच, असाव्यात असे म्हटले आहे. त्याच वाक्यात किमान २० टक्के जाती पुनर्स्थापनेसाठी उपलब्ध असाव्यात, असेही म्हटले आहे. संग्रहात असणे आणि उपलब्ध असणे यांतले अंतर या दोन आकड्यांत दिसते.

ब्रोमस इंटरप्टस या गवताचा इतिहास हे अंतर कसे भरून निघते ते दाखवतो. हे इंग्लंडचे प्रदेशनिष्ठ गवत. जगात इतरत्र ते नैसर्गिकरीत्या आढळलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्याची पहिली नोंद झाली. चाऱ्याच्या पिकांत, विशेषतः सेनफॉइन आणि क्लोव्हरच्या शेतांत, ते तण म्हणून वाढे. पेरणीचे बियाणे अधिक काटेकोरपणे साफ होऊ लागले, शेतीच्या पद्धती बदलल्या आणि हे गवत मागे पडत गेले. १९७२ मध्ये केंब्रिजशर परगण्यात ते शेवटचे दिसले. मात्र फिलिप स्मिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याआधीच, १९६३ मध्ये, त्याचे बी घेऊन ठेवले होते आणि ते एडिंबरो येथे वाढवले जात होते. ते बी पुढे वनस्पती उद्यानांकडे आणि बीजपेढीकडे गेले. २००४ मध्ये ऑक्सफर्डशरमधील ॲस्टन रोवंट या राखीव क्षेत्रात ते पुन्हा पेरले गेले. नामशेष म्हणून नोंद झालेली वनस्पती ब्रिटनमध्ये रानात परत आणण्याचा हा पहिला प्रयत्न मानला जातो. ते बी एकाच्याच कपाटात राहिले असते तर त्या कपाटाचे जे झाले असते तेच बीचेही झाले असते.

या क्षेत्रातली सर्वांत मोठी संस्था इंग्लंडमध्येच आहे. क्यू येथील रॉयल बोटॅनिक गार्डन्सची मिलेनियम सीड बँक ही बीजपेढी पश्चिम ससेक्समधील वेकहर्स्ट येथे आहे. तिची सध्याची इमारत २००० मध्ये सुरू झाली. जगातल्या वन्य सपुष्प वनस्पतींपैकी १० टक्के जातींचे बी साठवण्याचे पहिले उद्दिष्ट तिने २००९ मध्ये गाठले. तो टप्पा पूर्ण करणारी जात म्हणजे चीनमधली एक रानकेळ. आज तेथे सुमारे ४०,००० जातींच्या दोन अब्जांहून अधिक बिया आहेत. भागीदार देशाचे बी प्रथम त्याच देशात साठवायचे आणि त्याचा दुसरा वाटा वेकहर्स्टला ठेवायचा, अशी तिची पद्धत आहे.

२. बीचे आयुष्य

बी किती काळ टिकेल हे मुख्यतः तिच्यातला ओलावा आणि साठवणीचे तापमान यांवर ठरते. हॅरिंग्टन या संशोधकाने यासाठी दोन ठोकताळे दिले. ओलावा एका टक्क्याने कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होते; तापमान पाच अंश सेल्सिअसने उतरवले तरीही ते दुप्पट होते. एखाद्या बीचा ओलावा १२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणला तर आयुष्य ३२ पट होईल. तिला ३० अंशांऐवजी ५ अंशांवर ठेवले तर आणखी ३२ पट, म्हणजे एकूण सुमारे हजार पट. हे ठोकताळे ठरावीक मर्यादेतच लागू पडतात आणि जातीजातीत मोठा फरक असतो; पण आधी वाळवणे आणि मग गोठवणे हा पेढ्यांचा क्रम का आहे, हे त्यांतून कळते. ओली बी गोठवली तर आतल्या पाण्याचे बर्फ होऊन पेशी फाटतात. वेकहर्स्टला बिया आधी १५ टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १५ अंश तापमानाच्या खोलीत वाळवतात, हवाबंद डब्यांत भरतात आणि मग उणे २० अंशांवर ठेवतात. दिल्लीतल्या राष्ट्रीय जनुकपेढीत पिकांचे दीर्घकालीन संग्रह उणे १८ अंशांवर असतात.

सगळ्या बिया मात्र वाळवण सोसत नाहीत. १९७३ मध्ये रॉबर्ट्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बियांचे दोन गट केले : वाळवण सोसणाऱ्या आणि न सोसणाऱ्या. कॉफीसारख्या काही बिया या दोहोंच्या मधल्या आहेत, हे १९९० मध्ये दाखवले गेले. गवते, डाळवर्गीय झुडपे, खैर, बहावा पहिल्या गटात येतात. आंबा, फणस, जांभूळ, कोकम, चहा, रबर दुसऱ्या गटात. त्यांची बी झाडावरून पडते तीच उगवायच्या तयारीत. ती वाळली की मेली. जगातल्या सुमारे ८ टक्के सपुष्प वनस्पतींची बी अशी असावी, असा अंदाज आहे. पण एकूण सरासरी येथे दिशाभूल करते. वृक्षांत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के आणि अतिसंकटग्रस्त जातींत सुमारे ३६ टक्के असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात मांडले गेले. ज्यांना पेढीची गरज सर्वाधिक, त्यांतल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक जातींना नेहमीची पेढी उपयोगाची नाही. अशा जातींचा गर्भ काढून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्याचे तंत्र आहे. पण ते खर्चिक आहे आणि प्रत्येक जातीसाठी वेगळे बसवावे लागते. त्यामुळे त्यांचे जतन उद्यानांत, देवरायांत आणि रोपवाटिकांतच होते, आणि वाटपही बीऐवजी रोपाचे होते.

साठवलेली बी जिवंत आहे की नाही, हे पाहून कळत नाही. ठरावीक वर्षांनी, बहुधा दहा वर्षांनी एकदा, थोड्या बिया काढून उगवण तपासली जाते. उगवण कमी आली म्हणजे बी मेलीच असे नाही. ती सुप्तावस्थेत असू शकते. म्हणून न उगवलेली बी कापून पाहतात किंवा टेट्राझोलियमच्या द्रावणात ठेवतात. जिवंत पेशी त्यात लाल होतात. बिया किती काळ जगू शकतात याची सर्वांत जुनी चालू चाचणी अमेरिकेत मिशिगनमध्ये आहे. विल्यम बील यांनी १८७९ मध्ये २१ जातींच्या बिया वाळूत मिसळून २० बाटल्यांत पुरल्या. २०२१ मध्ये उघडलेल्या बाटलीतल्या बिया १४१ वर्षांनीही काही प्रमाणात उगवल्या, पण जवळजवळ सगळ्या व्हर्बॅस्कम या एकाच प्रजातीच्या. बाकीच्या बहुतेक जाती केव्हाच संपल्या होत्या. एका जातीच्या अनुभवावरून दुसरीचे आयुष्य सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक संग्रहाची वेगळी तपासणी करावी लागते.

३. गोळा करण्याची शिस्त

रानातून बी घेणे म्हणजे त्या वनस्पतीच्या पुढच्या पिढीतला वाटा उचलणे. म्हणून पहिला नियम प्रमाणाचा : त्या दिवशी पक्व असलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून अधिक घ्यायच्या नाहीत. दुसरा नियम विविधतेचा : शक्यतो ५० किंवा अधिक झाडांपासून थोड्या थोड्या बिया घ्यायच्या. ओंब्यांनी लगडलेली दोन झाडे ओरबाडून पिशवी लवकर भरते, पण तिच्यात दोनच घराण्यांचा वारसा येतो. असे बी नंतर वाटले तर ते जिथे जाईल तिथे तीच गरिबी घेऊन जाईल.

तिसरा नियम नोंदीचा. ठिकाण, उंची, माती, भोवतालच्या वनस्पती, तारीख, किती झाडांपासून बी घेतले, कोणाच्या परवानगीने घेतले, हे जागेवरच लिहायचे आणि त्याच वनस्पतीचा वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहालयात ठेवायचा. गवतांच्या आणि डाळवर्गीय झुडपांच्या अनेक जाती बीवरून ओळखता येत नाहीत. नमुना नसेल तर चुकीच्या नावाचे बी वर्षानुवर्षे वाटले जाते आणि चूक शोधायला मागे काही उरत नाही.

काही जातींच्या बाबतीत संधीच दुर्मीळ असते. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. तिचे बी त्या एका हंगामातच मिळू शकते. पुढचा फुलोरा येईपर्यंत पेढीला संग्रहात भर घालता येत नाही. वर्षायू गवताचे बी कमी पडले तर ते पुढच्या वर्षी पुन्हा गोळा करता येते. कारवीचे बी वाटताना मात्र मधल्या सगळ्या वर्षांचा हिशेब आधी मांडावा लागतो.

४. कोणाला आणि किती

बहुतेक पेढ्या संग्रहाचे दोन भाग करतात. मूळ संग्रह अत्यंत कमी तापमानात राहतो आणि शक्यतो उघडला जात नाही. सक्रिय संग्रहातून बी दिले जाते. याशिवाय तिसरा भाग दूरच्या दुसऱ्या संस्थेत सुरक्षित प्रत म्हणून ठेवतात. पिकांसाठी अशी प्रत ठेवण्याची जागतिक सोय नॉर्वेतल्या स्वालबार्ड येथे २००८ पासून आहे. तेथे ठेवलेले खोके ठेवणाऱ्या संस्थेखेरीज कोणालाही मिळत नाहीत. सीरियातल्या अलेप्पोजवळच्या ‘इकार्डा’ या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राला युद्धामुळे आपल्या पेढीत काम करणे अशक्य झाले, तेव्हा त्याने २०१५ मध्ये आपलेच बी तेथून परत मागवले, लेबनॉन आणि मोरोक्कोत वाढवले, आणि २०१७ मध्ये नव्या बियांचे खोके पुन्हा स्वालबार्डला पाठवले. प्रत ठेवण्याचा उपयोग काढून, पेरून, परत ठेवण्यात असतो, हे त्या व्यवहारात दिसले.

वाटपाचे गणित एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका जातीच्या १०,००० बिया आहेत. निम्म्या मूळ संग्रहात गेल्या. सुरुवातीच्या चाचण्यांना ५०० लागल्या. दर दहा वर्षांनी ५० बियांची तपासणी धरली तर शंभर वर्षांत आणखी ५०० जातील. उरलेल्या ४,००० बियांतून प्रत्येकी ५० बियांची ८० पाकिटे देता येतील. तीच जात ३०० बियांची असेल तर एकही पाकीट देता येत नाही. आधी त्यांतल्या काही पेरून संख्या वाढवावी लागते. म्हणूनच पेढ्यांच्या याद्यांत अतिदुर्मीळ जाती बहुधा ‘उपलब्ध नाही’ या शेऱ्यासह दिसतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा कंजूषपणा वाटतो. प्रत्यक्षात तो त्या ३०० बियांचा हिशेब असतो.

मागणी करणारे साधारण चार प्रकारचे असतात : संशोधक, शिक्षणसंस्था आणि उद्याने, अधिवास पुनर्स्थापित करणाऱ्या संस्था, आणि हौशी बागकाम करणारे. पहिल्या तिघांना पेढ्या बी देतात. चौथ्यांना संवर्धनाच्या पेढीतून थेट बी क्वचितच मिळते; त्यांची गरज मान्यताप्राप्त रोपवाटिकांनी आणि बीउत्पादकांनी भागवणे योग्य असते. पेढीतले पाकीट संख्येने लहान आणि नोंदीने मोठे असते. घरच्या कुंडीसाठी त्या नोंदींचा उपयोग नसतो, मात्र संग्रहातून बी कायमचे कमी होते.

५. बियांसोबत जाणारे ज्ञान

पाकिटात फक्त बिया गेल्या तर बहुतेक देशी वनस्पती उगवत नाहीत. पिकांच्या बियांतली सुप्तावस्था माणसाने हजारो वर्षांच्या निवडीने जवळजवळ काढून टाकली आहे. रानातल्या बियांत ती शाबूत आहे. बहाव्याच्या बीचे कवच इतके टणक असते की ते घासल्याशिवाय किंवा गरम पाण्याची प्रक्रिया केल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. सागाचे फळ आलटून-पालटून भिजवून वाळवले जाते. युरोपातल्या गवताळ कुरणांत वाढणाऱ्या यलो रॅटल या वनस्पतीला हिवाळ्याची थंडी सोसावी लागते, म्हणून ती शरदात पेरतात. वसंतात पेरली तर त्या वर्षी ती उगवतच नाही. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या वणव्याच्या प्रदेशांतील अनेक बिया धुराने जाग्या होतात. त्या धुरातले परिणामकारक संयुग २००४ मध्ये ओळखले गेले.

काही वनस्पतींना सोबतही लागते. आमरीची बी धुळीसारखी असते. तिच्यात साठवलेले अन्न नसते आणि विशिष्ट बुरशीशिवाय ती रानात वाढत नाही. चंदन अर्धपरोपजीवी आहे. रोपवाटिकेत त्याच्या शेजारी तुरीसारखे यजमान झाड लावावे लागते. यलो रॅटलही गवताच्या मुळांवर जगते. ती गवताचा जोर कमी करून इतर फुलझाडांना जागा करून देते, म्हणून कुरणे सुधारताना मुद्दाम पेरली जाते.

म्हणून चांगली पेढी पाकिटासोबत उगवणीची पद्धत देते : कोणते तापमान, किती दिवस, कोणती पूर्वप्रक्रिया, किती टक्के उगवण. बदल्यात घेणाऱ्याकडून परत अनुभव मागते. वेगळ्या मातीत, वेगळ्या हवेत काय झाले हे कळले तर पुढच्या पाकिटावरचा मजकूर सुधारतो. हा परतीचा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. बी घेऊन गेलेल्यांपैकी अपयशाची बातमी कळवणारे थोडेच असतात, आणि पेढीला खरी गरज असते ती अपयशाच्याच नोंदींची.

६. स्थानिकपणा

एकाच जातीची वनस्पती कोकणात आणि विदर्भात वाढत असली तरी ती सर्वत्र सारखी नसते. फुलण्याचा काळ, दुष्काळ सोसण्याची ताकद, किडीचा प्रतिकार यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा स्थानिक अनुभव साठलेला असतो. दूरचे बी आणून पेरले तर ते तग धरणार नाही, किंवा तग धरून स्थानिक झाडांशी संकर होईल आणि ती जुळणी बिघडेल. म्हणून पुनर्स्थापनेसाठी बी देताना कोणत्या जातीचे यासोबत कुठले हाही प्रश्न असतो.

ब्रिटनमध्ये वृक्षांच्या बीसाठी देशाचे चार प्रदेश आणि २४ बीविभाग पाडले आहेत. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वरचे आणि खालचे बी वेगळे मानतात. २०१२ मध्ये तेथे ॲश वृक्षांवरचा बुरशीजन्य मररोग आढळला आणि त्यानंतर २०१३ मध्ये देशी वृक्षांचे बी गोळा करण्याचा राष्ट्रीय प्रकल्प वेकहर्स्टने हाती घेतला. तेव्हा ॲशचे बी या विभागांनुसार आणि शक्य तेथे झाडागणिक वेगळे ठेवले गेले. रोगाला तोंड देणारी झाडे शोधायची असतील तर मिसळलेल्या ढिगापेक्षा वेगळी ठेवलेली घराणी उपयोगी पडतात.

हवामान बदलाने या नियमाला एक अडचण जोडली आहे. ज्या जागेचे हवामान पन्नास वर्षांनी आजच्यासारखे राहणार नाही, तेथे आजचेच स्थानिक बी योग्य ठरेल का? काही तज्ज्ञ स्थानिक बीमध्ये अधिक उष्ण किंवा कोरड्या भागातल्या बीची थोडी भर घालावी असे सुचवतात. काही जण लहान, वेगळ्या पडलेल्या समूहांत अशा मिश्रणाचा धोका दाखवतात. दोन्ही बाजूंना लागणारी माहिती एकच : बी नेमके कुठले. ती नोंद नसेल तर वादालाही आधार राहत नाही.

७. पाकिटापासून कुरणापर्यंत

१९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधली सखल भागातली फुलांची कुरणे सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. ती परत उभी करायची तर दर हेक्टरी कित्येक किलो बी लागते. पेढीतले ५० बियांचे पाकीट येथे काही कामाचे नाही. या दोन टोकांना जोडण्यासाठी वेकहर्स्टने २०११ मध्ये देशी बियांचे एक केंद्र सुरू केले. तेथे खात्रीच्या मूळ बीपासून वाफ्यांत वनस्पती वाढवतात, बी काढतात, ते पुनर्स्थापनेच्या कामांना देतात, आणि बीउत्पादकांना दर्जाच्या चाचण्या आणि सल्ला पुरवतात.

वाफ्यात बी वाढवण्यातही जोखीम असते. एकाच दिवशी कापणी केली तर लवकर आणि उशिरा पिकणाऱ्या झाडांचे बी गळून जाते. मळणीच्या यंत्राला सोयीची, सरळ वाढणारी, बी घट्ट धरून ठेवणारी झाडे नकळत निवडली जातात. काही पिढ्यांत रानगवताचे पीक होऊ लागते. म्हणून कापणी अनेक टप्प्यांत करतात, मूळ रोपांची संख्या मोठी ठेवतात आणि थोड्या पिढ्यांनंतर पुन्हा पेढीतल्या किंवा रानातल्या मूळ बीकडे वळतात. येथे पेढी प्रमाणित मूळ साठ्याचे काम करते.

पिकांच्या गावपातळीवरील बियाणे बँकांत ही वाढ शेतातच होते. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांच्या देशी बियाण्यांच्या बँकेत घेतलेल्या बियाण्याच्या दुप्पट परत करण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. वाल, घेवडा, भात यांना हा नियम शोभतो, कारण एका हंगामात दुपटीहून कितीतरी अधिक पीक येते आणि ते ओळखीचे असते. रानवनस्पतींना तो जसाच्या तसा लावता येत नाही. झाडाला बी धरायला दहा वर्षे लागू शकतात आणि घेणाऱ्याच्या शेतात शेजारच्या जातींशी संकर झालेला असू शकतो. म्हणून तेथे परतफेड बीऐवजी नोंदींच्या रूपात मागितली जाते.

८. मालकी, करार आणि कायदा

बियांच्या देवाणघेवाणीचा जुना इतिहास निर्मळ नाही. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया क्यूला आणल्या. रबराची बी वाळवण न सोसणारी. प्रवासात बहुतेक मेल्या आणि सुमारे २,७०० उगवल्या. त्यांतली बरीच रोपे सिलोनला गेली. पुढे आशियातल्या मळ्यांनी ब्राझीलच्या रबर व्यापाराची मक्तेदारी संपवली आणि बी जिथून आले त्या प्रदेशाला त्यातून काहीच मिळाले नाही.

१९९२ च्या जैविक विविधता कराराने वनस्पतींवर त्या त्या देशाचा सार्वभौम हक्क मान्य केला. २०१० चा नागोया करारनामा २०१४ मध्ये लागू झाला; पूर्वसंमती, ठरलेल्या अटी आणि लाभाचे न्याय्य वाटप ही त्याची चौकट. प्रमुख पिकांसाठी २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने एकच प्रमाणित हस्तांतर करार ठरवून दिला आहे; ठरावीक पिकांचे बी त्याखाली तुलनेने सहज फिरते. रानातल्या बहुतेक वनस्पती त्या यादीत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी प्रत्येक संस्था आपला करार करते. त्यात साधारणपणे पुढील अटी असतात : बी संशोधन, शिक्षण किंवा संवर्धनासाठीच वापरावे, विकू नये, तिसऱ्याला परवानगीशिवाय देऊ नये, व्यापारी उपयोग दिसला तर मूळ देशाशी नवा करार करावा, निष्कर्ष कळवावेत.

भारतात २००२ चा जैविक विविधता कायदा लागू आहे. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे : चेन्नई येथील राष्ट्रीय प्राधिकरण, राज्यांची मंडळे आणि गावागावांतल्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या. परदेशी व्यक्ती किंवा संस्थांना भारतातून जैविक साधने घेण्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. गावसमित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी अशी तरतूद आहे. नोंदवही नीट भरलेली असेल तर बी कुठून घ्यायचे, केव्हा पिकते, त्याच्याविषयी कोणाला माहिती आहे, हे गावातच कळते आणि संमती कोणाची घ्यायची हेही स्पष्ट राहते.

९. रोग आणि तण

बीसोबत बुरशी, विषाणू, कीड आणि दुसऱ्याच वनस्पतींच्या बियाही प्रवास करतात. गाजरगवताचे उदाहरण महाराष्ट्राला चांगलेच परिचयाचे आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात त्याची नोंद झाली. आयात धान्याबरोबर ते आले असे मानले जाते, आणि आता देशभर पसरले आहे. म्हणून देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या बीला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि येणाऱ्या देशात ते तपासले जाते. देशांतर्गत वाटपातही बी चाळणे, परकीय बिया वेचणे आणि किडलेली बी ओळखण्यासाठी क्ष-किरण चित्र घेणे ही कामे पेढीत होतात. ही तपासणी आधीच झाली असेल तर घेणाऱ्याच्या जागेवर नवे तण रुजण्याचा धोका कमी होतो.

१०. सह्याद्रीतील गरज

पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्यांत महाराष्ट्रातील कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. येथील वनस्पतींना एकच उपाय लागू पडत नाही. त्यांचे ढोबळ चार गट करता येतात.

पहिला गट सदाहरित वनातल्या वृक्षांचा. यांपैकी अनेकांची बी वाळवण सोसत नाही. जतन देवरायांत आणि उद्यानांत, वाटप ताज्या बीचे किंवा रोपांचे. बी पडल्यापासून रोपवाटिकेत पोचण्याचा काळ दिवसांत मोजावा लागतो.

दुसरा गट गवतांचा. मारवेल, शेडा, पवना, डोंगरी यांची बी साठवता येते आणि वाफ्यांत वाढवता येते. पडीक माळ आणि चराऊ कुरणे सुधारण्यासाठी त्यांची गरज मोठी आहे. पेढीतले मूळ बी, तालुक्याच्या पातळीवरचे वाफे आणि गावाची पेरणी अशी साखळी येथे सर्वांत सोपी ठरते.

तिसरा गट कडे आणि सडे यांवरच्या प्रदेशनिष्ठ वनस्पतींचा. कंदीलपुष्पांच्या अनेक जाती आणि शिंदळ माकुडी ही यांतली ठळक नावे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांच्या जातींचे जतन केले जाते. शिंदळ माकुडी फांदीच्या तुकड्यापासून सहज वाढते आणि जगभरच्या निवडुंगप्रेमींकडे पोचली आहे. पण तुकड्यापासून वाढलेली हजार झाडे ही एकाच झाडाच्या हजार प्रती असू शकतात. रानातल्या समूहाची विविधता बीमध्येच उतरते, म्हणून कुंड्यांची संख्या वाढली तरी बीच्या संग्रहाची गरज कायम राहते. शिवाय जी पठारे अजून शाबूत आहेत तेथे बाहेरून बी नेऊन पेरू नये. तेथे संरक्षण पुरेसे आहे. पेढीतले बी खाणीने, रस्त्याने किंवा बांधकामाने उजाड झालेल्या जागांसाठी राखावे.

चौथा गट कारवीसारख्या दीर्घ अंतराने बी धरणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी फुलोऱ्याच्या वर्षाची तयारी आधीपासून हवी : परवानग्या, मनुष्यबळ, वाळवण्याची सोय. एक हंगाम चुकला तर वाटपासाठी पुढची सात-आठ वर्षे काही नसते.

महाराष्ट्र जनुक कोश या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मंजुरी दिली. स्थानिक पीकवाणांबरोबर गवताळ प्रदेश आणि वनक्षेत्रे हेही त्याचे विषय आहेत. अशा कोणत्याही संग्रहाची उपयुक्तता किती बरण्या भरल्या यावर मोजता येत नाही. ती मोजण्याचे निकष वेगळे आहेत : किती जातींचे बी नोंदींसह जिवंत आहे, त्यांतले किती देण्याइतके आहे, दिलेल्यापैकी किती ठिकाणी रुजले, आणि रुजले की नाही हे किती जणांनी कळवले. या चारही प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत असतील तर बी साठवणारी संस्था आणि जमीन सुधारणारा गाव एकाच कामाचे दोन भाग होतात.